अर्ध्या सेकंदाचे अवधान

अर्धा सेकंद ही काही ध्यानात यावी अशी वेळ नव्हे. पापणी लवते, श्वास वळतो, आणि तेवढ्यात ती सरूनही जाते. मार्च 2024 मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला मात्र ती खटकली. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या घडणीत वर्षानुवर्षे रमलेला, मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरी करणारा हा माणूस आपल्या यंत्रावर निराळ्याच कामाचा वेग मोजत होता. दूरच्या संगणकात शिरण्याची एसएसएच नावाची जी जगन्मान्य वाट आहे, तिच्यावर लॉग-इनला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे, एवढेच त्याला दिसले. यंत्र मंदावले असेल असे म्हणून पुढे जाणे किती सोपे होते! तो थांबला, त्या विलंबाचा माग काढत उगमापर्यंत गेला आणि 29 मार्चला त्याने आपला शोध जाहीर केला. ज्ञानदेव ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे जे एकच दान मागतात ते अवधानाचे. विद्वत्तेहून दुर्मीळ आणि बुद्धीहून अधिक खर्चिक अशी ही गोष्ट आहे, हे त्या दिवशी संगणकाच्या जगाला पुन्हा उमगले असावे.

उगमाशी जे सापडले ते 'एक्सझेड' नावाच्या एका लहानशा साधनात दडले होते. फाइली दाबून लहान करणे हे त्याचे काम. त्याचे नाव फारसे कुणाला ठाऊक नाही, आणि तरी लिनक्सवर चालणाऱ्या बहुतेक प्रत्येक यंत्रात ते असते. त्याच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत कुणीतरी एक चोरदरवाजा बसवला होता, असा की विशिष्ट किल्ली जवळ असणाऱ्याला एसएसएचच्याच वाटेने परक्या सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवता यावी. लिनक्सच्या चाचणीच्या प्रतींपर्यंत तो पोचला होता. सर्वसामान्यांच्या वापरातल्या स्थिर प्रतींत शिरण्याआधीच तो उजेडात आला.

मला या कथेत अस्वस्थ करते ती तांत्रिक करामत नव्हे, तिच्यामागचा संयम. 'जिआ टॅन' असे नाव धारण करणारे कुणीतरी 2021 पासून या प्रकल्पात वावरू लागले. लहान दुरुस्त्या, नेटके बदल, वेळेवर उत्तरे: त्यातले बहुतेक काम खरोखरच उपयोगाचे होते. प्रकल्पाचा भार एका माणसाच्या खांद्यावर होता. तो हे सारे विनावेतन, आवडीपोटी करत होता, आणि मनाने आपण दीर्घकाळ थकलो आहोत हे त्याने 2022 मध्ये प्रांजळपणे लिहिलेही होते. त्याच सुमारास आणखी काही नावे पुढे आली आणि काम रेंगाळते आहे, दुसऱ्या कुणाच्या हाती द्या, असा तगादा लावू लागली. शिणलेल्या माणसाने मदतीसाठी पुढे आलेला हात धरला, यात त्याचे काय चुकले? आपण सारेच असे हात धरत आलो आहोत. कपटाला द्वेषाचा किंवा लोभाचा चेहरा असेल अशी आपली समजूत असते; इथे त्याने सेवेचा चेहरा घेतला, आणि तोही क्षणभरासाठी नव्हे, तर दोन-अडीच वर्षे, रोजची सेवा खरोखर बजावत. ज्या गुणांवरून आपण माणूस ओळखतो तेच गुण इतका काळ पांघरता येतात, हे कळल्यावर विश्वास या मानवी उपक्रमाविषयीच थोडे थांबून विचार करावा लागतो.

आणि ते विष नेमके कुठे कालवले होते? सर्वांना पाहण्यासाठी खुली असलेली जी मूळ संहिता (सोर्स कोड), तिच्यात चाचणीच्या फाइलींच्या रूपाने त्याचे शरीर निमूट पडून होते; त्याला जागे करणारा छोटासा तुकडा मात्र तिथे नव्हताच, तो फक्त वितरणासाठी बांधलेल्या प्रतीत घातला होता. म्हणजे मूळ पोथी आणि वाटलेली पोथी यांत पाठभेद होता. अशा दोन प्रतींत थोडा यांत्रिक फरक नेहमीच असतो, म्हणून तो कुणी ओळीला ओळ लावून पाहत नाही. हे वाचताना मला अपरिहार्यपणे पैठण आठवले. ज्ञानेश्वरी 1290 साली सिद्ध झाली. पुढे जवळजवळ तीन शतके ती हातोहात उतरवली गेली, आणि प्रत्येक हाताने, कधी अनवधानाने तर कधी भक्तीच्या भरात, तिच्यात आपले काही मिसळले. शके 1506 मध्ये पैठणच्या एकनाथांनी प्रती जुळवून ग्रंथ शुद्ध केला आणि यापुढे कुणी त्यात आपली ओवी घालू नये असे बजावले. याच वाटेने पुढे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात 1919 पासून 1966 पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध होत होती. विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरातून आणलेल्या हस्तलिखितांशी श्लोकागणिक जो झगडा केला, त्यात एका पिढीची उमेद खर्ची पडली. प्रक्षेप ओळखण्याचे शास्त्र आपल्याकडे आहे, पण ते शास्त्र चालवायला आयुष्ये लागतात. ग्रंथ सर्वांना खुला आहे म्हणून तो आपोआप शुद्ध राहत नाही. तो शुद्ध राहतो कारण कुणीतरी रात्र रात्र जागून प्रत प्रतीशी ताडून पाहिलेली असते.

उघडेपणाची बाजू मी सोडणार नाही. ती फार जुनी आणि माझ्या मते निर्विवाद बाजू आहे. 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी आलेल्या आल्फ्रेड हॉब्स या अमेरिकन कुलूपतज्ज्ञाने ब्रामा यांचे अजिंक्य म्हणून मिरवणारे कुलूप उघडून दाखवले. साठ वर्षे ते दुकानाच्या काचेआड दोनशे गिनींचे आव्हान देत बसले होते. असे दोष चव्हाट्यावर मांडले तर चोरांचे फावेल, हा आक्षेप तेव्हाही निघाला, आणि चोरांना ते आधीच ठाऊक असतात, अज्ञानात राहतो तो गृहस्थ, हे उत्तरही तेव्हाच दिले गेले. पुढे 1883 मध्ये ऑगस्ट केर्कहोफ्स यांनी सैनिकी सांकेतिक लेखनाविषयी लिहिताना सांगितले की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, गुप्त राहावी ती केवळ किल्ली. आजची सारी संगणकसुरक्षा या विचारावर उभी आहे. फ्रॉइंड यांना चोरदरवाजा सापडला तोही संहिता उघडी होती म्हणूनच. बंद पेटीत तो अर्धा सेकंद कायमचा एक निरुत्तर विलंब राहिला असता.

परंतु पाहता येणे आणि पाहिले जाणे यांमध्ये जे अंतर आहे, ते आपल्या काळाने हिशेबात धरलेले नाही. पुरेसे डोळे असले की प्रत्येक दोष उथळ ठरतो, असा एक विश्वास मुक्तस्रोताच्या (ओपन सोर्स) जगात नव्वदच्या दशकाअखेरीस रूढ झाला. एप्रिल 2014 मध्ये 'हार्टब्लीड' नावाचा दोष उघडकीस आला तेव्हा तो इंटरनेटवरचे व्यवहार सुरक्षित राखणाऱ्या ओपनएसएसएल या साधनाच्या उघड्या संहितेत दोन वर्षे सर्वांसमोर पडून होता. जगातल्या कितीतरी बँका आणि दुकाने ज्या कुलपावर विसंबून होती, ते राखणाऱ्यांना त्यापूर्वी देणग्यांतून वर्षाकाठी सुमारे 2000 डॉलर मिळत. वाचकहो, तुम्ही ही ओळ मोबाइलच्या पडद्यावर वाचत असाल, तर तिच्यातली जोडाक्षरे आणि वेलांट्या जागच्या जागी बसवण्याचे काम बहुधा हार्फबझ नावाचे असेच एक मुक्त साधन करत असेल. आपल्या लिपीचे पडद्यावरचे रूप ज्यांच्या हातून घडते, त्यांची चौकशी आपण कधी केली आहे का?

केन थॉम्पसन यांनी ट्युरिंग पारितोषिकाच्या निमित्ताने दिलेल्या आणि 1984 मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात याहून खोल पाणी दाखवले होते: संहिता निर्मळ असली, तरी तिचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलरच दूषित असेल, तर कितीही वाचले तरी काही दिसणार नाही. विश्वासाचा तळ शोधत गेलो की शेवटी माणूसच लागतो. मग त्या माणसाची शक्ती, त्याची झोप, त्याचे एकटेपण या गोष्टी सुरक्षेच्या बाहेरच्या कशा मानायच्या?

राज्यसंस्थांना हे उशिरा का होईना दिसू लागले आहे. युरोपीय संघाच्या सायबर रेझिलियन्स कायद्याचा पहिला मसुदा 2022 मध्ये आला तेव्हा विनावेतन काम करणारे निर्माते धास्तावले होते, कारण दायित्व त्यांच्याच डोक्यावर येईल असे दिसत होते. डिसेंबर 2024 मध्ये अमलात आलेल्या अंतिम कायद्याने व्यापाराबाहेरच्या अशा कामाला वगळले आणि जो उत्पादक ते साधन आपल्या मालात वापरून विकतो त्याला उत्तरदायी धरले. ही विभागणी मला न्याय्य वाटते. जर्मनीने 2022 मध्ये सार्वजनिक निधी उभारून अशा साधनांच्या राखणदारांना थेट पैसे देण्यास सुरुवात केली. तेही योग्यच झाले. आपल्या केंद्र सरकारने मार्च 2015 मध्ये मुक्तस्रोताला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले आणि मे 2020 मध्ये कोविडकाळातल्या आरोग्य सेतू या अ‍ॅपची अँड्रॉइड संहिता लोकांपुढे ठेवली. ही पावले स्वागतार्ह आहेत, पण त्यांचा भर स्वीकारण्यावर आणि उघडे करण्यावर आहे. ज्यांचे काम आपण घेतो त्यांच्या निर्वाहाचा प्रश्न तिथे मध्यवर्ती झालेला नाही. शासनाच्या, बँकांच्या, विद्यापीठांच्या ज्या प्रकल्पांत मुक्त साधने वापरली जातात, त्या प्रत्येकाच्या अंदाजपत्रकात ती राखणाऱ्यांसाठी रक्कम असावी, आणि संहिता वाचून प्रती ताडून पाहणाऱ्यांची वेतनावर नेमणूक व्हावी. हे ज्यांच्या हाती आहे त्यांनी ते येत्या अंदाजपत्रकातच करावे.