दयेला माप असावे काय?

भुकेलेल्याला पोटभर घालावे ह्या धर्माविषयी आपल्याकडे दुमत नाही. दारी आलेल्याला विन्मुख पाठवू नये, पंगतीत वाढताना हात आखडता घेऊ नये, हे कोणी आपल्याला मुद्दाम शिकवत नाही. घरात वावरता वावरताच ते अंगात मुरते. त्यामुळे ह्या धर्माच्या वाटेत कुठे खाचखळगा असेल, अशी शंकाही सहसा मनात येत नाही. तो आहे. आणि तो दाखवण्यासाठी मी आधी माणसाचे नव्हे, घोड्याचे उदाहरण घेणार आहे. मी पशुवैद्य नव्हे. वर्गात मुलांना शिकवावे आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहाव्यात, एवढाच माझा व्यवसाय. परंतु उपासमारीने खंगलेल्या घोड्यांविषयी जे वाचनात आले, त्याने मला पशुवैद्यकाच्या पलीकडचा एक प्रश्न घातला.

घोडा उपाशी पडला म्हणजे त्याच्या यकृतात आणि स्नायूंत साठलेली साखर आधी संपते. मग चरबीची पाळी येते. चरबी आटली की शरीर स्वतःचे मांसच जाळू लागते, आणि ह्या मांसात काळजाचेही मांस आले. घोड्याचा बांधा पाहून त्याची स्थिती १ ते ९ ह्या अंकांत सांगण्याची एक रीत आहे. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये हेनेके ह्या संशोधकाने ती १९८३ साली मांडली. ज्याच्या वाट्याला १ हा अंक येतो, त्याच्या बरगड्या लांबूनही मोजता येतात. कणा, खांदे आणि पुठ्ठ्याची हाडे कातड्याखालून वर आलेली दिसतात. जवळजवळ निम्मे वजन गमावलेला घोडा एकदा आडवा झाला आणि उठेनासा झाला, तर त्याची आशा थोडीच.

आता असा घोडा कोणा भल्या माणसाच्या हाती लागला, तर तो काय करील? तोबरा भरून चंदी पुढे करील. हरभरा, ओट, गूळ, जे उत्तम ते घालील. घोडाही अधाशासारखा खाईल, आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल. पुढे ३ ते ५ दिवसांत तो घोडा मरण्याचा संभव असतो, आणि त्याला मारते ती ही चंदीच.

हे होते ते असे. भुकेच्या काळात शरीराने आपला सगळा संसार आखडून घेतलेला असतो. फॉस्फरस, म्हणजे शेतकरी ज्याला स्फुरद म्हणतात तो, तसेच पोटॅशियम आणि मॅग्नेशियम ह्यांचा पेशींतला साठा झिजलेला असतो. रक्तात मात्र त्यांचे प्रमाण पुष्कळदा ठीक दिसते, म्हणून वरवर पाहणारा फसतो. अशा शरीरात एकदम पिष्टमय धान्य गेले की रक्तातली साखर वाढते, साखरेमागे इन्सुलिन वाढते, आणि इन्सुलिन साखरेबरोबर हे क्षारही रक्तातून ओढून पेशींत लोटते. रक्तात मग ते जवळजवळ उरत नाहीत. ज्या क्षारांच्या बळावर काळीज ठोके देते आणि छातीचा भाता चालतो, तेच कमी पडतात. काळीज अडखळते, श्वास अपुरा पडतो, मूत्रपिंडे थकतात. शिवाय धान्याच्या एकाएकी झालेल्या माऱ्याने मोठ्या आतड्यातली जंतूंची घडी विस्कटून पोटशूळ उठतो, तो वेगळाच. उपवासाने जे शरीर कसेबसे तगून होते, ते अन्नाने कोसळते.

कॅलिफोर्नियात डेव्हिस येथील विद्यापीठात ह्या प्रश्नाचा कसून अभ्यास झाला. १९९८ साली तिथल्या संशोधकांनी दीर्घ उपासमार झालेल्या घोड्यांना सारख्याच उष्मांकाचे तीन आहार देऊन रक्ताची परीक्षा केली. शेवटी जो कौल मिळाला, तो आपल्या शेतकऱ्याच्या ओळखीच्या लसूणघासाला. त्यात पिष्ट कमी, प्रथिने चांगली, आणि फॉस्फरस व मॅग्नेशियमही बऱ्यापैकी. ह्यातून जी पद्धत ठरली ती अशी : पहिले ३ दिवस दर ४ तासांनी सुमारे एक पौंड, म्हणजे अर्धा किलोच्या आतबाहेर, वाळलेला लसूणघास. दिवसातून ६ वेळा, रात्रीसुद्धा. चौथ्या दिवसापासून दर खेपेचे माप हळूहळू वाढवायचे आणि खेपा कमी करायच्या. १० दिवसांनंतर घोडा खाईल तितके, दिवसातून दोनदा. पाणी मात्र पहिल्यापासून हवे तेवढे. अंग भरून यायला पुढे काही महिने लागतात.

ह्या वेळापत्रकातले पहिले तीन दिवस मला फार विचारात पाडतात. ह्या तीन दिवसांत घोड्याला काय वाटत असेल? समोर माणूस आहे, त्याच्याजवळ चारा आहे, आणि तो देत नाही. काल ज्याने उपाशी ठेवले तो, आणि आज जो मापून देतो तो, घोड्याच्या लेखी दोघेही सारखेच. त्याला इन्सुलिन समजावून सांगता येत नाही. उलट, जो तोबरा भरून चंदी घालील त्याच्याकडेच तो कृतज्ञतेने पाहील. म्हणजे इथे प्रेम मिळते ते मारणाऱ्याला, आणि रोष येतो तो वाचवणाऱ्याच्या वाट्याला.

तोबरा भरताना आपण नेमकी कोणाची भूक भागवत असतो, हा प्रश्न इथे उभा राहतो. दुसऱ्याचे दुःख पाहवत नाही, हे दयेचे मूळ खरे. पण 'पाहवत नाही' ह्या शब्दांत पाहणाराच पुढे असतो. आपल्याला होणारी व्यथा लवकर मिटावी, ही घाई त्यात मिसळलेली असते. ही घाई वाईट नव्हे, ती नसती तर कोणी हातच हलवला नसता. परंतु तिला दया म्हणावे काय, ह्याविषयी मात्र मी साशंक आहे.

माणसाच्या बाबतीतही शरीराचा कायदा हाच आहे. १५ एप्रिल १९४५ रोजी ब्रिटिश फौजा बेर्गन-बेल्झनच्या छळछावणीत शिरल्या, तेव्हा तिथे सुमारे ६०,००० माणसे जिवंत होती. सैनिकांनी दयेपोटी आपला शिधा, डबाबंद मांस वगैरे, पुढे केला. सुटकेनंतरही तिथे १३,००० हून अधिक माणसे मेली. त्यांतली पुष्कळ टायफसने आणि आधीच्या हालांनी गेली. पण काहींचा घास त्या अन्नानेच घेतला. पुढे तिथे जे पातळ खाद्य आणले, ते १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात वापरलेल्या मिश्रणावर बेतलेले होते. एका दुष्काळाचे शहाणपण दुसरीकडे असे कामी आणावे लागले. आज कुपोषित बालकांच्या पुनर्वसन केंद्रांतही आधी सौम्य दूध दर दोन-तीन तासांनी थोडथोडे, आणि मूल स्थिरावल्यावर मगच सकस आहार, असा क्रम पाळतात. आपल्या चरकसंहितेतही शोधनानंतर पेज, मग दाट पेज, मग पुढचे, असा क्रम सांगितला आहे. मंदावलेला अग्नी ठिणगीसारखा गवत-गोवरीने हळूहळू चेतवावा, ही तिथली उपमा आहे. आजारातून उठलेल्याला आजी पेजच देत असे, ती काही कंजूषपणाने नव्हे.

परंतु इथे एक आक्षेप येतो, आणि तो साधा नाही. मापून द्यावे म्हटले की कृपणाला शास्त्राचा आधार मिळतो. गरिबाला एकदम जास्त देऊ नये, सोसत नाही, बिघडतो, ही वाक्ये आपण सर्वांनी ऐकली आहेत. १८७७ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल ह्यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडेसे पैसे इतकी खाली आणली. मद्रास इलाख्याचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश ह्यांनी एवढ्यावर माणूस राबू शकत नाही असा विरोध केला. आपल्या मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. योगायोग पाहा. घोड्याला दर ४ तासांनी एक पौंड, आणि खडी फोडणाऱ्या माणसाला दिवसभरात एक पौंड. मापाचा शब्द तोच, पण त्यामागची नीती एक नव्हे.

मग दोन मापे ओळखायची कशी? मला दोन खुणा दिसतात. पहिली, कष्ट कोणाचे वाढतात ही. लसूणघासाच्या मापाने देणाऱ्याची झोप जाते. एकदाच ढीग टाकून तो मोकळा झाला असता, त्याऐवजी त्याला दिवसरात्र ६ वेळा तबेल्यात जावे लागते. टेंपलच्या मापाने तिजोरी वाचली, कष्ट वाढले ते घेणाऱ्याचेच. दुसरी खूण मला अधिक महत्त्वाची वाटते. घोड्याच्या मापाला अखेर आहे. चौथ्या दिवशी ते वाढते आणि दहाव्या दिवसानंतर उरतच नाही. ते माप पोटभर खाण्याकडे नेणारी वाट म्हणून असते. टेंपलच्या एका पौंडाला असा कोणताही दहावा दिवस नेमलेला नव्हता.

तेव्हा दयेला माप असावे, असेच मी म्हणेन. पण ते माप घेणाऱ्याच्या शरीराने ठरवावे, देणाऱ्याच्या हळवेपणाने नव्हे आणि सोयीने तर नव्हेच. जो मापून देतो त्याला विचारावे, पुढचे माप कधी वाढणार? ह्याचे उत्तर त्याच्याजवळ असेल, आणि रात्री दोन वाजता कंदील घेऊन तबेल्याकडे निघालेला तोच असेल, तर घोड्याने त्याच्यावर खुशाल रागवावे. दहा दिवसांत तो राग ओसरतो. पोट भरत आलेला घोडा चारा आणणाऱ्याची चाहूल लागताच कान टवकारतो, आणि ह्याहून वेगळी पावती त्या माणसानेही मागू नये.