नियमाबाहेरचा डाव

नियम बोलतो तेथे न्याय देणे फारसे अवघड नसते; अवघड असते ते नियम गप्प बसला म्हणजे. कोणी तरी असे काही करू मागतो, की ज्याचा पुस्तकात उल्लेखच नाही. अशा वेळी निवाडा करणाऱ्याने काय करावे? हा प्रश्न न्यायासनापुढे येतो, कचेरीत येतो आणि घरातल्या वडीलधाऱ्यांपुढेही येतो. पण तेथे तो स्वार्थाने आणि संतापाने इतका झाकोळलेला असतो, की त्याचे मूळ रूप दिसत नाही. ते पाहायचे तर खेळाकडे वळावे. खेळात हरणाऱ्याची भाकरी जात नाही आणि जिंकणाऱ्याला जहागीर मिळत नाही. न्यायाचा प्रश्न तेवढा उघडा दिसतो.

मी राहतो ते सूस हे मुळशी तालुक्यातले, पुण्याच्या पश्चिमेचे गाव. २०२१ साली ते पुणे महानगरपालिकेत गेले. शेतांच्या जागी इमारती त्याआधीच उठू लागल्या होत्या. अशाच एका इमारतीत माझी भाची आणि तिचे सोबती रविवारी दुपारी टेबलाभोवती बसून एक खेळ खेळतात. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघा अमेरिकनांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने तो प्रसिद्ध केला. प्रत्येक गडी एकेक पात्र घेतो; कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी मांत्रिक. एक जण चालक होतो. तो प्रसंग वर्णन करून सांगतो, शत्रूच्या बाजूने खेळतो आणि निवाडाही तोच देतो. गड्याने ‘मी अमुक करतो’ म्हणायचे आणि ते साधले की नाही हे वीस पैलूंच्या फाशाने ठरवायचे. तलवारीचा वार, ढालीची आड, बाणाचा पल्ला यांचे नियम पुस्तकात आहेत. पण माणसाची कल्पना पुस्तकापाशी थांबत नाही.

एका रविवारी मीही तेथे बसलो होतो. वाड्याच्या माडीवर चकमक चालली होती. एक मुलगा म्हणाला, “मी झुंबराची दोरी पकडून झोका घेतो आणि थेट सरदाराच्या अंगावर उतरतो.” पुस्तकात झुंबराचा नियम नव्हता. भाची क्षणभर थांबली आणि म्हणाली, “ऐक. तुझ्या चपळाईचे चार गुण धरून पंधरा किंवा जास्त झाले, तर तू त्याच्या छातीवर आणि तो आडवा. कमी झाले, तर तू खालच्या चौकात आणि पुढचा वार त्याचा. कबूल?” मुलाने थोडा विचार केला. फाशावर अकरा तरी पडायला हवे होते. म्हणजे शक्यता निम्मी. तो म्हणाला, “कबूल.” फासा पडला सात. मुलगा चौकात आदळला, वरून सरदाराचा वार खाल्ला. आणि तरीही तो मनापासून हसत होता.

या हसण्याने मला विचारात पाडले. हरलेला माणूस कुरकुरला का नाही? मला वाटते, त्याला नकार मिळाला नव्हता आणि फसवणूकही झाली नव्हती. साहसाची किंमत आधी सांगितली गेली होती आणि ती त्याने स्वतः मान्य केली होती.

नवा डाव मारण्याचे दोन सोपे मार्ग आहेत. पहिला म्हणजे ‘पुस्तकात नाही, चालणार नाही’ असे सरळ सांगणे. दुसरा अधिक सभ्य, म्हणून अधिक घातक. चालक हो म्हणतो, पण दोरी पकडण्यासाठी एक फासा, झोक्यासाठी दुसरा आणि वारासाठी तिसरा टाकायला लावतो. प्रत्येक वेळी शक्यता निम्मी धरली, तर तिन्ही साधण्याची शक्यता आठांत एक उरते. हा होकाराचा अंगरखा घातलेला नकारच होय. दोन-चार वेळा असे झाले, की गडी शहाणा होतो आणि जन्मभर ‘मी तलवार मारतो’ एवढेच म्हणत राहतो.

उलट बाजूचा दोषही तितकाच खरा आहे. एकाने शत्रूच्या डोळ्यांत धूळ फेकली आणि चालकाने कौतुकाच्या भरात शत्रूला फुकट आंधळे करून टाकले, तर पुढच्या चकमकीपासून प्रत्येक जण मुठीत धूळ घेऊनच येईल. मग ज्याने वर्षभर तलवारीचा सराव केला त्याच्या सरावाला अर्थ काय? आणि उद्या शत्रूनेही धूळ फेकली, तर तीच सवलत त्याला मिळणार की नाही? एकाला फुकट दिलेले स्वातंत्र्य बहुधा दुसऱ्याच्या खिशातून गेलेले असते.

कोणी म्हणेल, मोजमाप आले की उत्स्फूर्तपणा मेला. पण आपल्या आखाड्यांकडे पाहा. धोबीपछाड, कलाजंग, घिस्सा ही आज डावांची नावे आहेत. यांतला प्रत्येक डाव कधी तरी, कोणा मल्लाला ऐन झोंबीत सुचलेला, निनावी होता. मातीने तो सोसला, पंचांनी तो मानला, म्हणून त्याला नाव मिळाले. १९६८ साली मेक्सिको येथील ऑलिंपिकमध्ये डिक फॉसबरी आडव्या दांडीवरून पाठ खाली करून गेला आणि २.२४ मीटर उडी मारून सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. एका पायावर उसळी घ्यावी, एवढेच नियमाचे म्हणणे होते. दांडीवरून कसे जावे याविषयी तो मुका होता. त्या मुकेपणाचा लाभ पुढे साऱ्या जगाने घेतला.

नियम मुका असणे आणि नियम मोडणे यांत मात्र अंतर आहे, आणि ते आपल्याला महाभारताने फार पूर्वीच दाखविले आहे. गदायुद्धात नाभीखाली प्रहार करू नये हा नियम स्पष्ट होता. अर्जुनाने मांडीवर थाप मारून खूण केली आणि भीमाने दुर्योधनाच्या मांड्या मोडल्या. दोघांचाही गुरू असलेला बलराम नांगर उगारून धावला. कृष्णाने त्याला आवरले, पण त्याचे समाधान झाले नाही आणि तो द्वारकेला निघून गेला. भीमाच्या बाजूने म्हणता येईल, की मांडी फोडण्याची प्रतिज्ञा त्याने भर सभेत केली होती. खरे आहे, पण दुर्योधनाने तिला ‘कबूल’ म्हटले नव्हते. एकतर्फी घोषणा म्हणजे करार नव्हे. याच प्रसंगी युधिष्ठिराने दुर्योधनाला सांगितले होते, की हवे ते शस्त्र घे, आमच्यापैकी कोणाही एकाशी लढ आणि जिंकलास तर राज्य तुझे. कृष्णाने त्याला या अविचाराबद्दल बोल लावला. तो सौदा वेडा असेल, पण अप्रामाणिक नव्हता. त्याची किंमत गदा उचलण्यापूर्वी उच्चारली गेली होती.

युद्धाचे उदाहरण घेऊन कोणी असेही विचारील, की १६६३ साली शिवाजी महाराज लाल महालात शायिस्तेखानावर चालून गेले, तेव्हा त्यांनी कोणाची कबुली घेतली होती? घेतली नव्हती, आणि घ्यायची गरजही नव्हती. लढाईत पंच नसतो. जेथे पंच मानून दोन माणसे बसतात, तेथेच हा प्रश्न उद्भवतो. आणि संसार बहुतांशी अशा जागांचाच बनलेला आहे.

तरीही किंमत ठरवणार माणूसच. प्रशियात १८२४ साली राइसवित्झ याने सैनिकी अधिकाऱ्यांसाठी केलेल्या युद्धखेळात तक्ते आणि फासे होते. १८७६ साली फेर्दी द्यू व्हेर्न्वा या सेनाधिकाऱ्याने ते बाजूला सारून अनुभवी पंचाच्या निर्णयावर भिस्त ठेवली. अनुभवाला मान द्यावा, हे मलाही पटते. पण अनुभवी माणसाचेही कान असतात. जो गडी रंगवून बोलतो त्याची उडी स्वस्त होते. जो अडखळत बोलतो त्याची महाग. मुखदुर्बळ गडी तर कोपऱ्यात बसून मागतच नाही. म्हणून पंचाने सर्वांसमक्ष किंमत बोलावी, काल एकाला लावली तीच आज दुसऱ्याला लावावी, आणि जो गप्प आहे त्याला आपणहून विचारावे, ‘तुझ्या मनात काय आहे?’ स्वेच्छेचा लहरीपणा होऊ नये यासाठी याहून मोठा बंदोबस्त मला दिसत नाही.

आपल्याकडे अधिकाराच्या खुर्चीवरून दोन उत्तरे फार ऐकू येतात. एक, ‘नियमात बसत नाही’, दुसरे, ‘बघू’. पहिल्याने माणूस निदान उठून जातो. दुसऱ्याने तो ताटकळतो, आणि किंमत कळते ती फासा पडून गेल्यावर, बहुधा सांगणाऱ्याच्या सोयीने. बाप मुलाला, गुरुजी विद्यार्थ्याला, साहेब हाताखालच्याला रोज या दोहोंपैकी एक उत्तर देत असतो. तिसरे उत्तर देण्यासाठी फार मोठी विद्वत्ता लागत नाही. समोरच्याचे म्हणणे पुरते ऐकून घ्यावे, साधले तर काय आणि फसले तर काय हे स्वच्छ सांगावे, आणि मग फासा त्याच्या हातात द्यावा. पडेल ते दान सोसण्याइतका माणूस बहुधा मोठा असतो.