नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

युरोपच्या प्रवासात आगगाडीच्या डब्यात समोर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी आपण स्लोव्हेनियाचे असे सांगितले. मी मोठ्या उत्साहाने त्यांना ब्रातिस्लाव्हा शहराचे कौतुक ऐकवू लागलो. त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "सुंदर आहे खरे, पण ते स्लोव्हाकियात. माझे गाव ल्युब्लिआना."

मी ओशाळलो, पण मनातल्या मनात स्वतःची वकिलीही सुरू केली. पृथ्वीच्या पाठीवर कांगो दोन, आणि त्यांच्या राजधान्या एकाच नदीच्या दोन तीरांवर समोरासमोर! गिनी हे नाव मिरवणारे देश चार. नायजर आणि नायजेरिया तर सख्खे शेजारी. २०१८ साली स्वाझीलंडच्या राजाने देशाचे नाव एस्वातिनी केले, तेव्हा लोक आपल्याला स्वित्झर्लंड समजतात हेही एक कारण त्याने सांगितले. मग माझ्यासारख्याने गोंधळावे यात नवल ते काय?

नौपाड्यात घरी परतलो, तो स्वयंपाकघरातच सारा भूगोल विस्कटलेला दिसला. लोणचे चिनी मातीच्या बरणीत, दूध जर्मनच्या पातेल्यात, आणि टोपलीतली मोसंबी मोझांबिकचे नाव सांगणारी. विलायती चिंचेची तर गंमतच. झाड मूळचे मेक्सिकोकडचे. आपण त्याला विलायती म्हणतो आणि विलायतेतले लोक मनिलाचे म्हणतात! झाडाला कोणी विचारलेच नाही. आमचे ठाणे ज्या बेटाच्या कडेला वसले ते साष्टी, आणि गोव्यात मडगावचा तालुकाही साष्टीच.

इथवर सारे हसण्यावारी नेता येते. पण त्या डब्यात आणखी एक गोष्ट घडली होती, ती मी घरी कोणाला सांगितली नाही. त्या गृहस्थांनी मला विचारले होते, "आपण कुठले?" आणि मी चटकन म्हणालो होतो, "मुंबईचा."

का म्हणालो? ठाण्यात १९०१ पासून मनोरुग्णालय आहे. त्यामुळे आमच्या गावाचे नाव काढले की महाराष्ट्रात कोणीतरी मिस्कील हसतोच. ते हसू चुकवता चुकवता "मुंबई" म्हणायची सवय जिभेला जडली. त्या परक्या माणसाला हा विनोद ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. तरी जीभ वळायची ती वळलीच. आणि हा विनोद तरी कोणावर? आजारी माणसांवर! त्यांच्या शेजारचे म्हणवून घ्यायची मला लाज वाटावी, ही खरी लाजेची गोष्ट.

बारशाला आपण नाव ठेवतो. पुढे जग नावे ठेवते. अंतर अवघ्या एका मात्रेचे. अज्ञानाने दुसऱ्याचे नाव चुकले तर क्षमा मागता येते, आणि समोरचा ती देतोही. पण कोणी नावे ठेवील या भीतीने आपलेच नाव लपवले, तर क्षमा मागायची कोणाकडे? त्या वृद्धाने आपल्या छोट्या देशाचे नाव हळूच सरळ करून दिले. मला माझ्या गावासाठी तेवढेही जमले नाही.

या दिवाळीला त्यांना शुभेच्छापत्र धाडले. "स्लोव्हेनिया" हे नाव दोनदा तपासून लिहिले. मागे स्वतःचा पत्ता घातला: नौपाडा. आंध्रातही एक नौपाडा जंक्शन आहे, म्हणून पुढे ठळक अक्षरांत लिहिले, "ठाणे".

मुंबईचे नाव कुठेच घातले नाही.