पडशीत काय घ्यावे?

प्रवासाला निघणारा माणूस पडशी भरतो, तेव्हा तो केवळ वस्तू भरत नसतो. आपण कशाला भितो, कोणावर विसंबतो आणि कोणाला गृहीत धरतो, याची कबुलीही तो नकळत त्या पडशीत ठेवीत असतो. हा विचार माझ्या मनात घोळू लागला तो एका मातेच्या प्रश्नामुळे.

गेल्या नाताळाच्या महिनाभर आधी आमच्या धर्मग्रामातील एक माऊली मला भेटावयास आली. तिच्या पंचविशीतील मुलाने वसईहून गोव्यापर्यंत सायकलने जाण्याचे ठरविले होते. तेही एकट्याने, आणि राष्ट्रीय महामार्ग टाळून. रेवसपासून रेडीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने, खाड्या ओलांडीत, गावागावांतून जाणाऱ्या आडवाटांनी तो तेरेखोलला पोहोचणार होता. पाचशे किलोमीटरांहून अधिक अंतर. "फादर, तुम्हीच त्याला सांगा. तुमचं तो ऐकेल," ती म्हणाली, आणि जाता जाता दारात थांबून तिने विचारले, "वाटेत काही झालं, तर त्याला पाणी कोण देईल?"

त्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते. कित्येक वर्षे ते मी मनात दडवून ठेवले होते.

१९९६ च्या मे महिन्यात, सेमिनरीत शिकत असताना, सुट्टीत मी एका मित्राची सायकल घेऊन गुहागरहून रत्नागिरीकडे एकटाच निघालो होतो. सोबत एक सदरा, एक पुस्तक आणि पाण्याची लहानशी बाटली, एवढेच. सायकल तपासून घेतली नव्हती. वाटेत कोणी ना कोणी भेटेल, देव पाठीशी आहे, अशी माझी समजूत होती आणि तिला मी श्रद्धा म्हणत होतो. तवसाळहून तरीने खाडी ओलांडून जयगडला उतरलो आणि चढण चढून सड्यावर आलो.

ज्यांनी कोकणचा किनारा सायकलने पाहिला आहे, त्यांना सडा म्हणजे काय हे सांगावयास नको. तेथे रस्ता खाडीशी उतरतो, पाणी ओलांडतो आणि पुन्हा जांभ्या दगडाच्या पठारावर चढतो. दिवसातून दोन-तीनदा हेच. पावसाळ्यात रानफुलांनी भरून जाणारे ते कातळ उन्हाळ्यात तव्यासारखे तापतात. सावली नसते, पाणी नसते. अशा ठिकाणी भर दुपारी माझी चेन तुटली. बाटली केव्हाच रिकामी झाली होती. सायकल ढकलीत मी तासभर चाललो असेन. पुढचे मला आठवत नाही.

शुद्धीवर आलो तो एका चिरेखाणीवरील झोपडीत. खाणीवर मजुरी करणाऱ्या माणसाने मला उचलून आणले होते. त्याची बायको माझ्या कपाळावर ओले फडके ठेवीत होती. मी पाणी प्यालो, पुन्हा मागितले, तोंड धुतले, डोक्यावर ओतून घेतले. त्या दिवशी त्याची मजुरी बुडाली. तिन्हीसांजेला ती बाई रिकामे हंडे घेऊन निघाली, तेव्हा कोठे मला कळले, की विहीर चढणीच्या तळाशी आहे आणि मी संपविलेले पाणी तिने सकाळी डोक्यावरून वर आणले होते.

पुढे अनेक वर्षे हा प्रसंग मी प्रवचनांतून सांगत असे. देवाने कसे सांभाळले, याचा दाखला म्हणून सांगत असे. श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी येई. पण माझ्या मनाला एक बोचणी लागून राहिली होती आणि ती वयाबरोबर वाढत गेली. जे ओझे मी सायकलच्या कॅरिअरवर घेतले नाही, ते त्या बाईने डोक्यावर घेतले होते. माझ्या आळसाची किंमत एका गरिबाने चुकविली आणि त्याला मी ईश्वरी योजना असे नाव देऊन मोकळा झालो. तिचे नावही मी विचारले नव्हते.

असो. त्या मातेच्या मुलाला मी बोलाविले. मात्र मनाई करण्यासाठी नव्हे. "तुझं सामान घेऊन ये," एवढेच सांगितले. तो आला. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना पडशीसारख्या लोंबणाऱ्या दोन मोठ्या पिशव्या, वर तंबू, पुढे आणखी एक पिशवी. व्हरांड्यात त्याने सारे मांडले : चूल, आठ दिवस पुरेल इतके डबाबंद अन्न, पाणी गाळण्याचे यंत्र, मोबाइलसाठी तीन बॅटऱ्या, कपड्यांचे सहा जोड. मी म्हटले, "अरे, तू गोव्याला निघालास की वाळवंटात?" तो गंभीरपणे म्हणाला, "फादर, मला कोणावर ओझं व्हायचं नाही. कोणापुढे हात पसरायची वेळ येऊ नये, एवढीच इच्छा आहे."

वाचकहो, या उत्तरातील सच्चेपणा मला भावला. माझ्या तरुणपणीच्या बेफिकिरीहून तो निश्चितच बरा होता. तरीही त्या सामानाकडे पाहताना मला वाटले, की हाही एक प्रकारचा चुकाच आहे. ज्याला कोणाचीच गरज लागणार नाही अशी व्यवस्था ज्याने केली, तो कोणाच्या ओटीवर बसणार? तो गावांतून जाईल, पण काचेआडून पाहिल्यासारखा. शिवाय त्या ढिगाऱ्यात पंक्चर काढण्याची एक पेटी होती. तिचे वेष्टण फोडलेले नव्हते. ट्यूब कशी काढतात, हे त्याला ठाऊक नव्हते. त्याने वस्तू जमविल्या होत्या. तयारी केलेली नव्हती.

मग तयारी म्हणजे काय? संत मार्कच्या शुभवर्तमानात प्रभू बारा शिष्यांना पाठविताना काठीखेरीज काही घेऊ देत नाही. भाकरी नको, झोळी नको, कमरेला पैसे नकोत. संत लूकच्या शुभवर्तमानात अखेरच्या भोजनाच्या रात्री तोच प्रभू सांगतो, की आता ज्याच्यापाशी थैली आणि झोळी असेल, त्याने ती घ्यावी. दोन्ही आज्ञा एकाच मुखातील आहेत. तेव्हा प्रश्न झोळी असावी की नसावी एवढाच नसून, ती कोणत्या मनाने भरली किंवा रिकामी ठेवली, हा आहे.

सेमिनरीत आम्ही संत थॉमस अक्वायनस अभ्यासला. तेराव्या शतकातील या तत्त्वचिंतकाने सुज्ञतेची जी अंगे सांगितली, त्यांत दूरदृष्टी आहे, सावधपणा आहे. आणि शिकून घेण्याची नम्र वृत्तीही आहे. व्यवहाराच्या बाबतीत कोणीही माणूस सर्वस्वी स्वयंपूर्ण नसतो, अनुभवी माणसांकडून शिकल्यावाचून त्याचे चालत नाही, असे त्याचे म्हणणे. परीक्षेपुरते मी हे पाठ केले होते. त्याचा अर्थ मला सड्यावर कळावयास हवा होता, तो कळला व्हरांड्यातील त्या न फोडलेल्या पेटीपाशी. तयारीचा आरंभ वस्तूंपासून होत नाही. जाणत्याकडे जाऊन शिकण्यापासून होतो.

याचे एक उदाहरण मला नेहमी आठवते. आयर्लंडमधील लिस्मोर गावच्या डर्व्हला मर्फी यांना १९४१ साली, दहाव्या वाढदिवसाला, आईवडिलांकडून एक जुनी सायकल आणि आजोबांकडून एक जुना नकाशासंग्रह मिळाला. सायकलने हिंदुस्थानात जायचे, असे त्या मुलीने तेव्हाच ठरविले. परंतु आई संधिवाताने जखडलेली. चौदाव्या वर्षी शाळा सोडून ती आईच्या शुश्रूषेला लागली आणि १९६२ साली आई वारेपर्यंत, मधल्या लहानसहान सफरी सोडल्या, तर घराशी बांधलेली राहिली. जानेवारी १९६३ मध्ये, युरोपातील अत्यंत कडक हिवाळ्यात, ती एकटी निघाली आणि जुलैमध्ये दिल्लीस पोहोचली. निघण्यापूर्वी तिने सायकलचे तीन गिअर काढून टाकले होते. आशियातील रस्त्यांवर ते टिकणार नाहीत आणि वाटेत दुरुस्त व्हावयाचे नाहीत, हे तिने ओळखले होते. सुटे टायर मात्र तिने वाटेवरील ठिकाणी आधीच पाठवून ठेवले. जे मोडेल आणि कोणाला सांधता येणार नाही ते टाकावे, जे झिजणारच आहे त्याची तजवीज करावी : केवढा साधा विवेक! पण मला त्याहून मोलाची वाटतात ती आईच्या उशाशी गेलेली वर्षे. तीही तिच्या तयारीचाच भाग होती. आणि वाटेत परक्यांच्या घरी पाहुणचार घेत आलेली ही स्त्री दिल्लीस पोहोचल्यावर धरमशाला येथील तिबेटी निर्वासित मुलांच्या सेवेत रमली. ज्यांचे मीठ खाल्ले त्यांच्यापर्यंत परतफेड पोहोचत नाही. ती पुढच्या कोणाला तरी करावी लागते.

मी त्या तरुणाला तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, बाजारातील सायकलवाल्या चाचांकडे चार रविवार बसायचे. तो बसला. ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून भोक कसे शोधावे, ती जागा घासून सोल्युशन लावल्यावर ते थोडे सुकेपर्यंत धीर कसा धरावा, तुटलेली चेन कशी जोडावी, चाकाचा आऊट कसा काढावा, हे तो शिकला. चाचांनी त्याच्या सामानाकडे पाहून सांगितले, की सारा भार मागच्या चाकावर पडला, तर पहिल्या आठवड्यातच स्पोक तुटतील. जे मी प्रवचन करून कमी करवू शकलो नसतो, ते ओझे चाचांच्या एका वाक्याने निम्म्यावर आले.

दुसरी गोष्ट, पाण्याची. प्रत्येक चढणीच्या पायथ्याशी, वस्तीत, दोन्ही बाटल्या भरून घ्यायच्या; मागून घ्यायच्या. जेथे विहीर जवळ आहे तेथे मागितलेले पाणी हा संवाद असतो. जेथे ती दूर आहे तेथे मागितलेले पाणी हा दुसऱ्याच्या मानेवरचा हंडा असतो. आपली गरज दुसऱ्यापुढे मांडण्यात कमीपणा नाही. ती आपल्या निष्काळजीपणातून जन्मली असेल, तर मात्र तो अन्याय आहे, मग देणारा कितीही हसतमुखाने देवो.

तिसरी गोष्ट आईची. एकट्याने जाणारा माणूस वाटेवर एकटा असतो; घरी त्याच्यासाठी जागणारी माणसे असतात. कोणत्या दिवशी कोणती खाडी, शेवटची फेरी किती वाजता, ती चुकली तर मुक्काम कोठे, हे सारे कागदावर लिहून आईपाशी ठेवायचे. त्याने लिहिले. आगरदांडा, बागमांडला, दाभोळ, तवसाळ ही नावे त्या माऊलीने देवघरात, क्रुसाखाली चिकटवून ठेवली. तिचे भय गेले असे मी म्हणणार नाही. पण त्याला बोट ठेवायला जागा मिळाली.

नाताळ झाल्यावर, भल्या पहाटे तो निघाला. पडशीची एक बाजू जवळजवळ रिकामी होती. आईने तीत नाताळच्या फराळाचा डबा ठेवला आणि म्हणाली, "हा तुला नाही. ज्यांच्या घरी पाणी पिशील, त्यांना दे."

पाचव्या दिवशी संध्याकाळी त्याचा फोन आला. तो जयगडचा सडा उतरून मालगुंडला पोहोचला होता. मी सांगितल्याप्रमाणे त्याने त्या चिरेखाणीची चौकशी केली होती. खाण कधीच बंद पडली. खड्ड्यात झाडे वाढली आहेत. तेथील मजूर कोण होते, कोठे गेले, कोणालाच सांगता आले नाही. "फादर, डब्यातलं थोडं उरलं होतं," तो म्हणाला, "ते सड्याखालच्या विहिरीवर बायका होत्या, त्यांना दिलं. चाललं ना?"

मी होय म्हणालो. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ तसाच बसून राहिलो. माझे ऋण फिटले असे मला वाटले नाही. ते आता फिटणारही नाही. पण त्या विहिरीवर कोणी तरी मागण्याआधी देऊन गेला, एवढे खरे.