नख अडकलं तर...

आपल्या मध्यमवर्गीय घरांत कुठलीही नवी वस्तू पहिला ओरखडा पडेपर्यंत वापरली जात नाही. ती नुसती सांभाळली जाते. सोफ्यावर अभ्रा असतो, अभ्र्यावर चादर असते. साधे पाहुणे आले तर चादर निघते. मुलीला बघायला मंडळी आली तर अभ्राही निघतो. खुद्द सोफा कसा आहे हे घरातल्या माणसांनी दुकानात पाहिलेलं असतं तेवढंच. मग एके दिवशी कुणाच्या तरी हातून चहा सांडतो, दोन दिवस घरात सुतक पाळलं जातं, आणि तिसऱ्या दिवसापासून सगळे त्या सोफ्यावर मांडी ठोकून बसायला लागतात. पहिला डाग ही एक प्रकारची वास्तुशांतच असते.

मोटारगाडीचं मात्र असं नाही. तिथे पहिल्या ओरखड्यानं सुटका होत नाही, उलट साधनेला प्रारंभ होतो.

आमच्या शेजारचे अप्पा बँकेतून निवृत्त झाले आणि त्यांनी गाडी घेतली. काळी. काळ्या रंगावर सगळं दिसतं, असं त्यांना बँकेतल्या शिपायापासून व्याह्यांपर्यंत सगळ्यांनी सांगून पाहिलं. पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या खतावण्या निष्कलंक ठेवलेला माणूस तो. त्यांना स्वतःचं असं काहीतरी निष्कलंक हवं होतं. रोज सकाळी साडेसहाला अप्पा खाली उतरत आणि जुन्या बनियनच्या मऊ फडक्यानं गाडी पुसत. देवघरातल्या बाळकृष्णालाही एवढ्या हळुवारपणे पुसलेलं मी पाहिलेलं नाही.

वर्षभरानं एका तिरप्या उन्हात अप्पांना बॉनेटवर कोळ्याचं जाळं दिसलं. पुसून पाहिलं, जाईना. रंगातच बारीक बारीक रेघांची वर्तुळं उमटलेली. अप्पांनी गाडी मिस्त्रींकडे नेली. सोबत म्हणून मी होतो. माझी स्वतःची गाडी नसल्यामुळे गाड्यांच्या बाबतीत माझ्या सल्ल्याला बरीच मागणी असते.

मिस्त्रींनी बॉनेटवर बॅटरीचा उजेड टाकला आणि विचारलं, "गाडी पुसतं कोण?"

"मी स्वतः," अप्पा छाती काढून म्हणाले.

"कोरडीच?"

"म्हणजे काय! पाण्याचा थेंब लावत नाही."

मिस्त्री काही बोलले नाहीत. काही डॉक्टर रिपोर्ट वाचून झाल्यावर जसा चष्मा पुसत बसतात, तसे ते नुसते हात पुसत राहिले. मग त्यांनी समजावलं. गाडीवरची धूळ म्हणजे बारीक वाळूच. तिच्यावर कोरडं फडकं फिरवलं की फडक्याचा पॉलिश पेपर होतो. आधी पाण्यानं धूळ वाहू द्यायची, मगच हात लावायचा. थोडक्यात, त्या गाडीला वर्षभर रोज ओरखडणारा इसम दुसरातिसरा कुणी नसून तिचा भक्तच होता. प्रेमाच्या माणसांकडून झालेल्या जखमांचा पंचनामा कुठेच होत नाही, तो मी त्या दिवशी गॅरेजमध्ये प्रथम पाहिला.

यानंतर मिस्त्रींनी जे ज्ञान दिलं त्यानं माझी झोप उडाली. आपण ज्याला ऐटीत गाडीचा रंग म्हणतो तो असतो केवढा? पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग, त्यावर पारदर्शक थर. कारखान्यातून येणारा हा सगळा ऐवज मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. त्यातला वरचा पारदर्शक थर, जो चमकतो तो, ४०-५० मायक्रॉन. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे लाखो रुपयांच्या गाडीचं सगळं तेज एका केसाहूनही पातळ! मी नकळत डोक्यावरून हात फिरवला. मोजमापाचं हे साहित्य माझ्याकडे आता फारसं शिल्लक राहिलेलं नाही.

आणि या एवढ्याशा थरातला ओरखडा काढायचा कसा? माझी समजूत अशी, की भिंतीतलं भोक बुजवतात तसा तो बुजवत असतील. मिस्त्री हसले. ओरखडा भरून निघत नाही, आणि निघून तर अजिबात जात नाही. तो जितका खोल असेल तितका त्याच्या आजूबाजूचा सगळा चांगला भाग घासून खाली आणायचा. सगळंच ओरखड्याच्या पातळीवर आलं की ओरखडा दिसत नाही. एका चुकार पोरासाठी सगळ्या वर्गाला अंगठे धरायला लावणारे आमचे एक मास्तर मला या ठिकाणी फार आठवले.

हे घासकाम पाहण्यासारखं असतं. वॉटर पेपर पाण्यात भिजत घालतात, पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकतात. पेपराला नंबर असतात: १५००, २०००, ३०००. नंबर जितका मोठा तितका पेपर मऊ. सरकारी कचेरीत नेमकं उलट असतं; तिथे साहेबाचा नंबर जितका वरचा तितका साहेब खरखरीत. पेपर सपाट ठोकळ्याला गुंडाळून हलक्या हातानं फिरवायचा. काठावर आणि पत्र्याच्या धारेवर फार जपायचं, कारण तिथला थर पाहता पाहता निघून जातो आणि आतलं उघडं पडतं. (धारदार स्वभावाच्या माणसांनी याची नोंद घ्यावी.) आणि गंमत म्हणजे घासून झाल्यावर गाडी चमकत नाही. ती न्हाणीघराच्या काचेसारखी पांढुरकी, आंधळी होते. या क्षणी मालक समोर असला तर त्याला धरावं लागतं. म्हणून मिस्त्री मालकाला चहाला पिटाळतात. मग मशीनवर कंपाउंड, त्यानंतर बारीक पॉलिश, शेवटी मेण. हळूहळू धुक्यातून गाडी वर येते, आणि अशी येते की बॉनेटमध्ये पाहून दाढी करावी. चमक आणायची तर आधी असलेली चमक घालवावी लागते, हे पाहून अप्पांचा घसा कोरडा पडला. त्यांना तिसरा चहा सांगावा लागला.

या उद्योगामागे इतिहासही आहे. मोटारी नवीन होत्या तेव्हा उत्तम गाडी रंगवायला आठवडेच्या आठवडे लागत. व्हार्निशचा हात द्या, वाळवा, घासा, पुन्हा हात द्या. १९२३ साली ड्यू पाँट कंपनीचा 'ड्यूको' हा झटपट वाळणारा रंग अमेरिकेत ओकलंड गाड्यांवर प्रथम आला आणि ही तपश्चर्या संपली. आपल्याकडचे सुतार अजूनही कपाट दाखवून "ड्यूको मारून देऊ का?" म्हणतात ते तेव्हापासूनचं. आपल्या जुन्या फियाट आणि अँबॅसडरवर वरचा पारदर्शक थर नसे, नुसता रंगच. दर दिवाळीला मालक पॉलिश घेऊन बसे आणि फडकं रंगून निघे. "बघा किती मळ निघतोय," असं तो अभिमानानं दाखवी. मळ नसे तो. थोडी थोडी गाडीच निघत असे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी २०२३ साली निवृत्त झाल्या. त्यांच्यापैकी किती झिजल्या आणि किती पुसल्या गेल्या कोण जाणे!

आता मूळ प्रश्न. निष्कलंक होण्याची हौस किती करावी? कारखाना थर एकदाच देतो. प्रत्येक वेळी घासलं की त्यातले काही मायक्रॉन कायमचे गेले. दोन-चार वेळा जिवावर उदार होऊन घासलं की वरचा थर इतका विरतो की उन्हानं पापुद्रे सुटू लागतात. म्हणजे निर्दोषपणा फुकट मिळत नसतो. तो शिलकीतून काढून खर्च करायचा असतो आणि पासबुक कुणी दाखवत नाही. मिस्त्रींना मी विचारलं, "मग कुठला ओरखडा काढायचा आणि कुठला नाही, हे ठरवता कसं?"

मिस्त्रींनी अंगठ्याचं नख ओरखड्यावरून आडवं फिरवलं. "नख अडकलं नाही तर पॉलिशनं जातो. नख अडकलं तर सोडून द्यायचा. आणि पत्रा दिसला तर मात्र सोडायचा नाही, तिथे रंगाचा थेंब लावून बंद करायचं. चांगलं दिसायला नव्हे, गंज लागतो म्हणून."

तीन वाक्यांत एवढं नीतिशास्त्र मी दुसरीकडे कुठे ऐकलेलं नाही. कारण अप्पांच्या गाडीच्या डाव्या दाराला आणखी एक ओरखडा होता. तो त्यांच्या धाकट्या भावाच्या स्कूटरच्या हँडलचा. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, अंगणात स्कूटर लावताना. त्या ओरखड्यावर नख अडकत नव्हतं. अर्ध्या तासात तो गेला. पण त्या संध्याकाळी अप्पा म्हणाले होते, "तुला लहानपणापासून कुणाची वस्तू जपता येत नाही." आणि हे वाक्य मात्र नखाला लागत होतं.

आपल्याकडे अशा वेळी 'खुलासा' करायची पद्धत आहे. "एकदाचं स्पष्ट बोलून टाकू, मनात नको," असं म्हणून माणसं वॉटर पेपर भिजत घालतात. पहिल्या खुलाशात स्कूटर झाली. दुसऱ्यात वडिलांचं फाउंटन पेन निघालं, जे धाकट्यानं शाळेत हरवलं होतं. तिसऱ्यात पेन मुळात कुणाला द्यायचं ठरलं होतं हे निघालं. प्रत्येक बैठकीनंतर दोघेही म्हणत, "चला, मन मोकळं झालं," आणि प्रत्येक वेळी नात्यावरचा थर थोडा पातळ झालेला असे. चौथ्या खुलाशाला प्रायमर दिसायला लागला तेव्हा दोघांच्या बायकांनी चहा आणून विषय बदलला. मनं मोकळी होता होता रिकामी होतील की काय, अशी धास्ती त्यांना वाटली असावी.

आणि या चारही खुलाशांत एक गोष्ट कुणी काढली नाही. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे सगळे पैसे धाकट्यानं भरले होते. अप्पा अर्धे देणार होते. मग बदली झाली, मग मुलीचं लग्न निघालं, मग देणं-घेणं राहूनच गेलं. पेनाचं सोडून द्यायला हवं होतं आणि पैशांचं मिटवायला हवं होतं. तिथे पत्रा उघडा पडला होता. आपण बहुतेक माणसं नेमकं उलट करतो. दिसतं ते घासत बसतो आणि गंजतं त्यावर लांबी भरतो. जुन्या गाड्यांच्या बाजारातले जाणकार म्हणूनच चमकेवर जात नाहीत. ते मीटर लावून रंगाची जाडी बघतात, नाहीतर खिशातून लोहचुंबक काढतात. जिथे चुंबक चिकटत नाही तिथे खाली जाडजूड लांबी भरलेली असते. नातेवाइकांसाठी असं चुंबक अजून निघालेलं नाही, हे एका परीनं बरंच आहे.

हा विषय मी घरी काढला तेव्हा आमच्या सौ. घावन घालत होत्या. त्या म्हणाल्या, "हा बिडाचा तवा बघा. नव्या बाईनं हौसेनं घासून लखलखीत केला होता, तर आठ दिवस एक घावन धड सुटेना. काळेपणा म्हणजे मळ नव्हे, काही." त्यांच्या बोलण्यात नेमका किती भाग तव्याबद्दल होता, हे मी विचारलं नाही. नख फिरवून पाहण्यासारखी ती वेळ नव्हती.

पाश्चात्त्यांनाही हा साक्षात्कार उशिरा का होईना झालेला दिसतो. २०१५ च्या फेब्रुवारीत पॅरिसला एका जुन्या फेरारीचा लिलाव झाला. फ्रान्समधल्या एका शेडमध्ये कित्येक वर्षं ती पडून होती, वर जुन्या मासिकांचे गठ्ठे होते. लिलाववाल्यांनी तिला पॉलिश सोडाच, धूळसुद्धा पुसली नाही, तशीच मांडली. ती सोळा दशलक्ष युरोंहून जास्त किमतीला गेली. ही बातमी मी अप्पांना वाचून दाखवली. त्यावर ते एवढंच म्हणाले, "म्हणजे बनियन फुकट गेलं."

पण माणूस बदलला. पुढच्या दिवाळीत धाकटे बंधू आले ते स्कूटर रस्त्याच्या पलीकडे, पार वाण्याच्या दुकानासमोर लावून, हातात फराळाचा डबा घेऊन चालत आले. अप्पा गॅलरीत होते. ते खाली उतरले. त्यांच्या खिशात एक पाकीट होतं. मोतीबिंदूचं, हे मला नंतर कळलं. ते त्यांनी काही न बोलता डब्याखाली सरकवलं. धाकट्यानंही काही विचारलं नाही. पेनाचा विषय दोघांच्याही ओठांवर आला असणार, पण कुणी काढला नाही. मग अप्पा म्हणाले, "स्कूटर तिकडे कशाला? आत लाव."

धाकटा म्हणाला, "गाडी आहे ना."

"असू दे," अप्पा म्हणाले. "आत लाव."

या दोन शब्दांनी किती मायक्रॉन भरून आले ते सांगता येणार नाही. गाडीवर थर वाढत नाही, माणसांवर कधीकधी वाढतो. एवढा एक फरक परमेश्वरानं, मेहरबानी करून, ठेवलेला आहे.

अप्पांनी रोजचं पुसणं सोडलं. आता आठवड्यातून एकदा पाणी, आणि ते वाहू देऊन मगच हात. तरी पूर्णत्वाची ओढ मेली तरी जात नाही. परवा मिस्त्रींकडे गेलो असताना त्यांनी विचारलंच, "का हो, अजिबात एकही रेघ नाही अशी गाडी कुठे तरी असेलच की. निदान शोरूममध्ये?"

"शोरूममध्ये?" मिस्त्री म्हणाले. "साहेब, तिथे तर रोज सकाळी एक पोरगं कोरड्या फडक्यानं पुसतं."