सावलीची अमानत

बंधू-भगिनींनो, ईदच्या संध्याकाळी आपली कुटुंबे मुलाबाळांसह जवळच्या सार्वजनिक उद्यानात जातात. हा आनंद हलाल आहे. परंतु आपण उठून गेल्यावर हिरवळीवर उरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, उष्ट्या पत्रावळी आणि मोडलेल्या फांद्या यांचा हिशेब कोणी द्यायचा? ‘ते नगरपालिकेचे काम,’ असे आपण सहज म्हणतो. उद्यानांची व्यवस्था नागरी संस्थांकडे आहे, हे खरे. पण राज्यघटनेच्या कलम 51-कने सार्वजनिक मालमत्तेचे रक्षण हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले आहे.

श्रद्धावंतापुढील हिशेब तर याहून कठीण आहे. लोकांच्या वाटेत किंवा ते विसावतात त्या सावलीत शौच करणे हे शाप ओढवून घेणारे कृत्य होय, असा इशारा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिला. एका व्यक्तीचा हक्क मारला, तर तिच्या दारी जाऊन क्षमा मागता येते. उद्यानाची नासधूस ही मात्र शेकडो अनोळखी माणसांची हक्कतल्फी आहे. त्यांत वृद्ध आहेत, रुग्ण आहेत, इतर धर्मांचे शेजारी आहेत. हुकूकुल इबादचे हे ओझे उतरविण्यासाठी आपण कोणाकोणाला शोधणार?

हजरत नुमान बिन बशीर (रजि.) यांच्या हदीसमध्ये जहाजाचा दृष्टान्त आहे. खालच्या मजल्यावरील प्रवासी पाण्यासाठी आपल्या भागात छिद्र पाडू लागले आणि वरच्यांनी त्यांना रोखले नाही, तर सारेच बुडतील. रोखले तर सारेच वाचतील. म्हणून केवळ स्वतः घाण न करणे पुरेसे नाही. दुसऱ्यालाही सौजन्याने थांबविले पाहिजे.

यात मोठे पुण्यही आहे. मुस्लिमाने लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, पशूने वा पक्ष्याने खाल्ले, तरी ते त्याच्यासाठी सदका ठरते. वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करणे ही तर ईमानचीच एक शाखा आहे.

तेव्हा प्रत्येक मोहल्ल्यातील मस्जिद समितीने आठवड्यातील एका दिवशी, फज्रच्या नमाजनंतरचा अर्धा तास जवळच्या उद्यानासाठी द्यावा. उद्यानाच्या माळीदादांना विचारून कामे वाटून घ्यावीत, सर्व धर्मांच्या शेजाऱ्यांना सोबत बोलवावे आणि रोपांना पाणी घालण्याचे काम मुलांच्या हाती द्यावे. भगिनींनी ईदच्या डब्यासोबत कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी ठेवावी आणि पुरुषांनी ती भरून आणावी.

सर्वांच्या मालकीची ही अमानत सांभाळण्याची सद्बुद्धी अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.