खेळलेला माणूस आणि त्याचं इमान

अमेरिकन फुटबॉलचा निवृत्त खेळाडू टॉम ब्रेडी याच्याशी फॉक्स वाहिनीनं केलेल्या कराराचा आकडा जगभर छापून आला: दहा वर्षांचे साडेसदतीस कोटी डॉलर. २०२४ च्या हंगामात तो समालोचकाच्या खुर्चीत बसला आणि तिथं उत्तम जम बसवलेल्या ग्रेग ओल्सनला दुसऱ्या फळीत जावं लागलं. त्याच ऑक्टोबरात ब्रेडी लास व्हेगास रेडर्स संघाचा भागीदारही झाला. मालकांना पंचांवर आणि इतर संघांवर जाहीर टीका करता येत नाही, म्हणजे या समालोचकालाही ती करता येत नाही. यावर आक्षेप घेणाऱ्यांना त्याच्या पाठीराख्यांचं एकच उत्तर असतं: सात सुपर बोल जिंकलेल्या माणसाला शहाणपण शिकवणारे तुम्ही कोण?

हे उत्तर आपल्याला नवं नाही. २०१९ मध्ये कोलकात्याच्या गुलाबी चेंडूच्या कसोटीत संजय मांजरेकरांनी हर्षा भोगलेंना, आम्ही खेळलो आहोत, तुम्हाला विचारावं लागतं, अशा आशयाचं सुनावलं होतं. मला हा दावा घातक वाटतो, आणि तो का घातक आहे हे फ्रँक गिफर्डच्या कारकिर्दीत स्वच्छ दिसतं.

गिफर्ड न्यूयॉर्क जायंट्सचा लाडका खेळाडू. १९५६ मध्ये संघ विजेता ठरला आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचा गौरव झाला. २० नोव्हेंबर १९६० रोजी यांकी स्टेडियमवर त्यानं मैदानाच्या मधोमध पास झेलला आणि फिलाडेल्फियाचा चक बेडनारिक त्याच्यावर येऊन आदळला. चेंडू सुटला, गिफर्डचं डोकं जमिनीवर आपटलं. तो निपचित पडला होता आणि बेडनारिक मूठ उगारून जल्लोष करत होता; ते छायाचित्र आजही प्रसिद्ध आहे. गिफर्डला स्ट्रेचरवरून बाहेर नेलं, १९६१ चा सगळा हंगाम हुकला. पण त्या धडकेबद्दल तो पुढं सांगत राहिला की ती नियमात बसणारी होती. मार खाणाराच माराला नियमाचं प्रशस्तिपत्र देतो. अनुभवानं त्याला वेदना शिकवली आणि त्याच अनुभवानं तक्रार न करण्याचं वळणही लावलं.

१९७१ पासून १९९७ पर्यंत हा माणूस एबीसी वाहिनीच्या ‘मंडे नाइट फुटबॉल’मध्ये बोलत होता. सुरुवातीला त्याच्या शेजारी हॉवर्ड कोसेल बसायचा. कोसेल मूळचा वकील, कधीच न खेळलेला, कर्कश, अहंमन्य आणि लाखो प्रेक्षकांना नकोसा. निवृत्त खेळाडूंना थेट माइकसमोर बसवण्याच्या प्रथेवर तो तुटून पडे. १९८५ च्या आत्मकथनपर पुस्तकाला त्यानं नावच दिलं ‘आय नेव्हर प्लेड द गेम’. आपल्याला हिणवण्यासाठी वापरलेलं वाक्य त्यानं मुखपृष्ठावर मिरवलं. मला तो आवडतो तो मात्र १९८२ च्या एका निर्णयासाठी. लॅरी होम्स आणि रँडल कॉब यांच्या मुष्टियुद्धात कॉब फेरीमागून फेरी मार खात राहिला आणि पंचानं लढत थांबवली नाही. त्यानंतर कोसेलनं व्यावसायिक मुष्टियुद्धाचं समालोचन कायमचं सोडलं. ज्या खेळानं त्याला नाव दिलं त्या खेळाकडं त्यानं पाठ फिरवली. त्याचे त्या खेळात कुणी जुने सवंगडी नव्हते, म्हणून त्याला ते जमलं, असं मी मानत आलो.

पण हा निष्कर्ष पुरा पडत नाही. माजी खेळाडू एड कनिंगहॅमनं २०१७ मध्ये ईएसपीएनवरचं महाविद्यालयीन फुटबॉलचं समालोचन सोडलं. कारण हेच, की डोक्यावरच्या आघातांचा हा खेळ आपल्या आवाजानं रंगवून सांगणं त्याला पटेना. २ जानेवारी २०२३ च्या रात्री सिनसिनाटीत डॅमर हॅमलिन या खेळाडूचं हृदय मैदानातच बंद पडलं, तेव्हा माजी खेळाडू रायन क्लार्क वाहिनीवर जे बोलला ते कुठल्याही वकिलाला बोलता आलं नसतं. २००७ मध्ये डेनव्हरच्या उंचीवर खेळल्यावर क्लार्कची प्लीहा काढावी लागली होती. खेळासाठी मरायला तयार आहोत असं खेळाडू किती सहज म्हणतात आणि त्याचा खरा अर्थ काय, हे त्यानं त्या रात्री सांगितलं. तिथं अनुभवच साक्षीला उभा राहिला.

म्हणजे खेळला की नाही, हा प्रश्नच दुय्यम. बोलणारा कुणाला बांधील आहे, हा खरा प्रश्न. वाहिनी लीगकडून प्रक्षेपणाचे हक्क विकत घेते, समालोचक वाहिनीचा पगार घेतो. या साखळीत मैदानातल्या पोराच्या बाजूनं बोलायला कुणीच नेमलेलं नसतं. ती बाजू समालोचकानं स्वतःहून घ्यावी लागते.

गिफर्ड ऑगस्ट २०१५ मध्ये वारला. नोव्हेंबरात कुटुंबीयांनी जाहीर केलं की त्याच्या मेंदूत सीटीई, म्हणजे वारंवारच्या आघातांनी जडणारा विकार, आढळला. स्वतःला जाणवणाऱ्या लक्षणांचा आणि त्या आघातांचा संबंध तो अखेरच्या काळात समजून घेत होता, आणि इतरांना उपयोग व्हावा म्हणून त्यांनी ही माहिती दिली. हे काम मरणोत्तर तपासणीवर सोडू नये. ज्यानं मार खाल्ला आहे त्यानं तो कसा असतो हे माइक हातात असतानाच सांगावं. ब्रेडीसारख्याकडून माझी हीच अपेक्षा आहे. आणि ती पुरी करायची तर संघाची मालकी आणि समालोचकाची खुर्ची, यांतली एक त्यानं सोडली पाहिजे.